पेन्सिलीनं लिहिलेलं वय

माणसाचं वय ओळखायला मला कुणी शिकवू नये. तेहतीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होतो, त्यातली निम्मी नगर–करमाळा गाडीवर. पाच वर्षांच्या आत फुकट, पाच ते बारा अर्धं तिकीट, असा नियम. त्या नियमापायी मी जेवढं खोटं ऐकलंय तेवढं कोर्टातल्या शिपायानंही ऐकलं नसेल. पुढचे दात पडून नवे आलेलं पोरगं मांडीवर घेऊन "पाचवं लागायचंय हो अजून" म्हणणारी आई मी बघितली आहे, आणि तीच आई त्याच पोराला "सहा पूर्ण" म्हणून शाळेत घालायला निघालेलीही बघितली आहे. एकाच पोराची दोन वयं असतात, गाडीतलं वेगळं आणि कागदावरचं वेगळं, हे मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं. मी वाद घालत बसायचो नाही. गाडी वेळेवर न्यायची असते.

ही गोष्ट मात्र माझी नाही, आमच्या गावच्या ग्रंथपाल सत्यशीलाबाईंची आहे. गाव मिरजगावच्या पुढं, हायवे सोडून आत चार किलोमीटर. नाव सांगत नाही, कारण यातली सगळी माणसं जिवंत आहेत आणि रोज सकाळी पेपर वाचायला येतात. मी वाचनालयाचा चिटणीस. रिटायर झाल्यावर घरी बसून बायकोशी भांडण्यापेक्षा बरं म्हणून हे पत्करलं.

बाईंचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो गाडीत. शहाण्णव साल असेल. नगरच्या माळीवाडा स्टँडवर एक पोरगी पत्र्याची पेटी घेऊन एकटीच चढली. डोळे सुजलेले, ओठ कोरडे. आमच्या फाट्याचं तिकीट मागितलं. मी विचारलं, "बरोबर कोण आहे?"

"कुणी नाही."

"वय किती तुझं?"

तिनं मान वर केली आणि म्हणाली, "कागदावरचं सांगू, का खरं?"

एवढ्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी गप तिकीट फाडलं आणि तिची पेटी माझ्या सीटखाली सरकवली.

ती पुणतांब्याहून, सासरहून कायमची परत येत होती. आमच्या गावच्या बौद्धवाड्यातल्या रखमाजींची ही थोरली. रखमाजी नागापूरच्या एमआयडीसीत लेथवर काम करायचे, आठवड्याला घरी यायचे. पोरीचं लग्न झालं तेव्हा तिला सोळावंही पुरं नव्हतं, कागदावर अठरा लावलं होतं. पहिल्या बाळंतपणात मूल गेलं, ही कशीबशी वाचली, आणि सासरच्यांनी दुसरी सून आणली. पुढं ओळख झाल्यावर मी एकदा विचारलं होतं, फार छळ होता का? बाई म्हणाल्या, "नाही हो तात्या. कुणी वाईट नव्हतं तिथं. मला कुणी विचारलं नव्हतं, एवढंच."

परत आल्यावर तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी केली, मग बारावी, मग नगरला ग्रंथपालाचा कोर्स. दोन हजार दोन साली वाचनालयात लागली. ग्रामपंचायतीच्या जुन्या कचेरीवरच्या दोन खोल्या, एक टेबल, सहा कपाटं. पहिली दोन वर्षं काही घरची पोरं वाचनालयातल्या माठाचं पाणी प्यायची नाहीत, घरून बाटली आणायची. बाईंनी मात्र रोज माठ घासायचा, भरायचा, वर स्वच्छ फडकं टाकायचं. पुढं दहावीच्या पोरांनी तिथं बसून अभ्यास सुरू केला, उन्हाळा आला आणि बाटल्या आपोआप बंद झाल्या. आता तेच लोक माठ रिकामा दिसला की कुरकुर करतात.

बाईंची एक पद्धत होती, तिच्यावरच ही गोष्ट उभी आहे. नवीन आलेलं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत स्वतः वाचल्याशिवाय त्या कपाटात लावत नसत. वाचून झालं की मागच्या पुठ्ठ्याच्या आत, कोपऱ्यात, पेन्सिलीनं बारीक अक्षरात एक शेरा. "कुणीही." "सातवीपुढं." "रडू येईल." "शेवटची वीस पानं सोडली तरी चालतील." एका जाडजूड राजकीय आत्मचरित्रावर त्यांनी लिहिलं होतं, "झोप येत नसेल तर." मी म्हणालो, बाई, पेनानं लिहा, पुसून जाईल. त्या म्हणाल्या, "पुसता आलं पाहिजे, तात्या. वाचणारा मोठा होतो."

गावाचा त्या पेन्सिलीवर विश्वास बसला होता. ज्या बायांना अक्षर वाचता येत नाही त्या पोरीच्या हातातलं पुस्तक उलटं करून मागचा कोपरा बघायच्या आणि शेजारणीला विचारायच्या, "बाईनं काय ल्हिलंय गं?" वीस-बावीस वर्षांत कुणी तक्रार केली नाही. तक्रार झाली ती माझ्यामुळं.

दोन वर्षांमागची दिवाळी झाल्यावर बाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नगरला गेल्या. तीन आठवडे डोळ्याला ताण द्यायचा नाही. नेमकी त्याच वेळी वर्षाच्या खरेदीची पुस्तकं आली. खोकी फोडली, शिक्के मारले, नोंदी केल्या. आता पोरंपोरी दारात उभी, नवी पुस्तकं द्या म्हणून. कॉलेजच्या पोरींनी तर भंडावून सोडलं. त्यात तीन भागांची एक कादंबरी होती, इंग्रजीवरून मराठीत आणलेली. काळंभोर कव्हर, त्यावर एक गोरटा पोरगा, एक पोरगी आणि लाल फूल. मी कव्हर बघितलं. कॉलेजातलं प्रेमप्रकरण असणार, दुसरं काय. गाडीत पोराच्या तोंडाकडं बघून वय ठरवायचो तसं पुस्तकाच्या तोंडाकडं बघून ठरवलं, आणि बाईंची पेन्सिल घेऊन तिन्ही भागांवर लिहून टाकलं, "दहावीपुढं."

मूर्खपणा. दुसरा शब्द नाही.

तो गोरटा पोरगा माणूस नव्हताच. व्हॅम्पायर होता, माणसाच्या मानेला दात लावून रक्त पिणारा. वय दोनशे अकरा वर्षं. बर्फाच्या मुलखात एका गावात घड्याळं दुरुस्त करत बसलेला. पाव विकणारी सतरा वर्षांची पोरगी त्याच्या प्रेमात पडते आणि पुढं तीन भाग तेच.

हे मला कळलं ते भिमाजीमुळं. भिमाजी माझ्याच वयाचा, माळावर राहणारा. थोडी कोरडवाहू, दहा-बारा मेंढरं. लेक आणि सून दसऱ्याला टोळीबरोबर ऊसतोडीला जातात ते चैत्रात परत येतात. मागं त्यांची पोरगी सुकन्या आजी-आजोबांपाशी. मिरजगावला अकरावीला. रोज कॉलेज सुटलं की वाचनालयात यायची, माठातलं पाणी प्यायची, दोन पुस्तकं बदलून न्यायची. तिचं लग्न ठरलं होतं. पोरगा सत्तावीसचा, आष्टीकडचा, स्वतःचा ट्रॅक्टर असलेला. वैशाखातली तारीख. गावात सगळ्यांना सांगून झालं होतं, पोरीला अठरा पूर्ण आहेत. ग्रामसेवकालाही तेच सांगितलं होतं. त्यानं मान डोलावली आणि पुढं विचारलं नाही. मी त्याला नावं ठेवत नाही. ठेवायला मला तोंड नाही.

आणि जानेवारीत एका सकाळी पोरगी आजीला म्हणाली, "मला हे लग्न करायचं न्हाई. मला कुणी इचारलं का?"

आजी, म्हणजे झुंबरबाई, हादरली. आजवर मान खाली घालून शेण-पाणी करणारी पोर, हिच्या तोंडात हे आलं कुठून? शोधाशोध केली तर ज्वारीच्या कणगीमागं काळ्या कव्हराचं पुस्तक. मागचा कोपरा बघितला, पेन्सिलीची अक्षरं होती. भिमाजीला सहावीपर्यंत वाचता येतं. त्यानं मधलं पान उघडलं, आणि नेमकं तेच पान निघालं ज्यात मानेला दात लागतात.

दुसऱ्या दिवशी तो वाचनालयात आला. पेपर वाचणारे आठ-दहा जण बसलेले. त्यानं पुस्तक माझ्यापुढं टेबलावर आपटलं.

"बजरंगा, हे काय हाय? पोरीस्नी रगत पिणाऱ्या भुताच्या नादी लावताय व्हय तुमी? आपल्याकडं बी मुंजा असतोय पिंपळावर, पन त्येच्या प्रेमात पडलेली बाई ऐकली न्हाई मी आजून!"

लोक हसले. त्यानं तो आणखी पेटला. खिशातून घडी केलेला अर्ज काढला, शेजारच्या पोराकडून लिहून घेतलेला. मी तो घेतला, आवक नंबर टाकला, शिक्का मारला. सवय. कागद आला की नंबर टाकायचा.

अर्जात लिहिलं होतं: माझी नात कुमारी सुकन्या, वय वर्षे सोळा, अजाण असून, आपल्या वाचनालयाने तिला तिच्या वयास न शोभणारे पुस्तक दिल्याने ती बिघडली आहे व घरच्यांना उलट बोलू लागली आहे. तरी सदर पुस्तकाची चौकशी करून ग्रंथपाल बाईंवर कारवाई व्हावी.

सोळा हा आकडा मी वाचला आणि पुढं गेलो. खरंच सांगतो, त्या दिवशी माझ्या डोक्यात काही आलं नाही. मला एवढंच दिसलं, की माझ्या हातची चूक बाईंच्या नावावर जमा झाली आहे आणि मी तोंड मिटून शिक्का मारतोय.

हनुमंतशेठ वाचनालयाचे अध्यक्ष. खताचं दुकान, भांडणाची ॲलर्जी. त्यांनी ठरवलं, बाईंनी तिन्ही भाग वाचायचे आणि आठ दिवसांनी समितीपुढं सांगायचं, हे पोरींना द्यावं का नाही. बाईंच्या दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन नुकतंच झालं होतं, काळा चष्मा होता. त्या म्हणाल्या, "वाचते." पुठ्ठा उलटून त्यांनी कोपरा बघितला. त्यांचं अक्षर गोल, माझं तिकिटावर आकडे लिहून लिहून टोकदार झालेलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मला वाटलं होतं, बघतील.

भिमाजीनं जाता जाता दारात सांगून टाकलं, "पुस्तक वंगाळ निघालं तर पोरीचं कालेज बंद. वैशाखाची वाट बी बघनार न्हाई. तिचे आईबाप येतील चार दिस, लगीन लावून टाकतो." सुकन्या खाली पायऱ्यांवर उभी होती. तिनं ऐकलं, मीही ऐकलं.

म्हणजे आता डाव असा होता. पुस्तक चांगलं म्हटलं तर पोरीचं कॉलेज तरी वाचतं. वाईट म्हटलं तर तिचं शिक्षण गेलं आणि तिच्या "नाही"ची किंमतही गेली, कारण ते "नाही" बिघडलेल्या पुस्तकातून आलेलं. मी बाईंना स्पष्ट म्हणालो, "बाई, डोळे झाका आणि उत्तम पुस्तक आहे म्हणून सांगा. कोण वाचणार आहे समितीत?"

"मी वाचणार आहे ना," त्या म्हणाल्या.

"अहो, पोरीचा जन्म जाईल!"

"तात्या, आज मी खोटं लिहिलं तर उद्या त्या कोपऱ्याकडं कोण बघेल?"

मला राग आला. एवढं सोवळं कशाला, असं मनात आलं. आठ दिवस त्या दुपारी खिडकीशी बसून, दर वीस मिनिटांनी डोळे मिटून, औषधाचे थेंब घालून वाचत होत्या. मी समोर बसून पेपर चाळत धुसफुसत होतो.

सहाव्या दिवशी सुकन्या आली. बाईंनी तिला शेजारी बसवलं. "काय आवडलं गं तुला यातलं? खरं सांग. मी रागवत नाही."

पोरगी ओढणीचं टोक चावत बसली. मग म्हणाली, "बाई, तो तिला इचारतो."

"काय विचारतो?"

"चावू का म्हनून. तिला त्याच्यासारखं करायचं का म्हनून. ती न्हाई म्हनते. तो थांबतो. मग पुन्हा चार म्हैन्यांनी इचारतो, ती पुन्हा न्हाई म्हनते, तो पुन्हा थांबतो. दोन पुस्तकं भरून थांबतो." ओढणी सोडून म्हणाली, "भूत असून थांबतो."

"आणि तिसरं?"

"तिसरं मला मिळालंच न्हाई. त्येच्या आतच आजोबांनी धरलं."

बाईंनी चष्मा काढून डोळ्यात थेंब घातले. त्यांनी तिसरा भाग तेव्हा नुकताच संपवला होता.

समिती बसली ती रविवारी, सकाळी अकराला. हनुमंतशेठ, मी, शाळेच्या एक मॅडम, आणि इमारत ग्रामपंचायतीची म्हणून ग्रामसेवक. समोर भिमाजी, डोक्याला नवा पटका. झुंबरबाई दाराशी खाली बसलेली, तिच्यामागं सुकन्या उभी.

हनुमंतशेठनी पहिलाच प्रश्न टाकला, "बाई, ही 'दहावीपुढं' म्हणून खूण तुम्ही केली?"

बाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. त्या बोलल्या नसत्या, हे मला कळत होतं. उभा राहिलो. "मी केली. न वाचता केली. कव्हर बघून. बाई दवाखान्यात होत्या." आठ दिवस हे पोटात ठेवलं होतं त्याची लाज वाटली, आणि बोलल्यावर बरंही वाटलं.

भिमाजी म्हणाला, "आसं व्हय! कंडक्टर तो कंडक्टरच." लोक हसले. हसू दे.

मग बाई बोलायला लागल्या. आवाज नेहमीचा, पुस्तक उशिरा आणल्याबद्दल समज देतानाचा.

"पहिले दोन भाग मी वाचले. रक्त आहे, अंधार आहे, चावाचावी आहे. त्यानं पोरी बिघडत नाहीत. टीव्हीवर त्याहून जास्त दिसतं. त्या दोन भागांत एक पुरुष, दोनशे वर्षांचा, हातात सगळी ताकद असलेला, एका पोरीला विचारतो आणि तिनं नाही म्हटलं की थांबतो. सोळा-सतराच्या पोरीनं हे वाचायला हरकत नाही. मी तर म्हणेन, पोरांनीही वाचावं."

भिमाजीची मान ताठ झाली.

"तिसरा भाग वेगळा आहे. त्यात तो थांबायचा कंटाळतो. ती झोपेत असताना तिला चावतो. जागी होते तेव्हा तिचं घर गेलं, आई गेली, उन्हात जाणं गेलं, मूलबाळ व्हायचं नाही. तिला कुणी विचारलं नाही. आणि पुस्तक म्हणतं, हेच तिचं सुख. शेवटच्या पानावर ती त्याचे आभार मानते. हे खोटं आहे. पण गोड भाषेत लिहिलंय. सोळाव्या वर्षी पोरीला हे खरं वाटू शकतं. तिला वाटेल, न विचारता कुणी आपलं आयुष्य बदलून टाकलं तरी चालतं, पुढं सवय होते. म्हणून माझं मत, तिसरा भाग अठरा पूर्ण झाल्याशिवाय कुणालाही देऊ नये. भिमाजीबाबांची तक्रार त्या भागापुरती बरोबर आहे."

केलं, बाईंनी शेवटी खरं बोलून पोरीचं वाटोळं केलं, असं वाटलं. दारात सुकन्यानं मान खाली घातली.

भिमाजी खूश झाला. "बगा! बाई शिकलेली हाय, खरं बोलली. आवो, सोळा वर्साच्या पोरीला काय कळतंय? आजून रडताना नाक पुसता येत न्हाई तिला. तिनं आसलं वाचावं का? तिच्या हातात काय द्यावं न् काय न्हाई, हे थोरांनी बगायला नको का?"

"बघायला हवं," बाई म्हणाल्या. "तात्या, ठराव लिहून घ्या."

मी इतिवृत्ताची वही ओढली. लिहिलं, की श्री. भिमाजी यांच्या अर्जावरून समितीने विचार केला. अर्जातली त्यांची नात कुमारी सुकन्या, वय... इथं पेन थांबला. समोर अर्ज होता. आवक नंबर माझ्या हातचा, शिक्का माझा. स्वच्छ अक्षरात, सोळा.

ग्रामसेवक खाकरला. "तात्या, 'अल्पवयीन' लिहा नुसतं. आकडा कशाला?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्याच्या तो आधीच पडलेला होता, म्हणून खाकरला. मी बाईंकडं बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. हे त्यांनी ठरवून केलं होतं का, ते मला आजही माहीत नाही.

गाडीत असतो तर पुढच्या सीटकडं सरकलो असतो. तिथं सरकायला जागा नव्हती. मी आवाज चढवला, "आकडा लागतो. भिमाजी, पोरीचं वय किती?"

"आता सांगितलं न्हवं? सोळा. येत्या नागपंचमीला सतरावं पुरं हुईल."

"खरं, का कागदावरचं?"

"आरं, खरंच! जल्मली तवा मी हुतो की घरी."

मी सोळा लिहिलं. मोठ्यानं वाचून दाखवलं, वयासकट. अठरा पूर्ण झाल्याशिवाय, हे शब्द दोनदा वाचले. वही फिरवली. हनुमंतशेठनी सही केली, मॅडमनी केली. भिमाजीनं अर्जदार म्हणून केली, ऐटीत. वही ग्रामसेवकापुढं गेली. त्याच्या कपाळाला घाम. बालविवाह थांबवायची जबाबदारी गावात त्याचीच असते, आणि "मला माहीत नव्हतं" म्हणायची सोय आता उरली नव्हती. त्यानं सही केली, पेनाचं टोपण लावलं आणि भिमाजीकडं न बघता म्हणाला, "बाबा, वैशाखातली तारीख रद्द करा. नाही केली तर मला स्वतः पोलीस घेऊन यावं लागेल. आता माझी सही आहे."

भिमाजीला कळायला वेळ लागला. आधी तो हसला, गंमत वाटली त्याला. मग वहीकडं बघितलं, मग अर्जाकडं, मग बाईंकडं. पटका काढून मांडीवर ठेवला. मला वाटलं, आता शिव्या देईल. त्याचा आवाज एकदम म्हाताऱ्याचा झाला.

"मग ठिवू कुठं तिला, बाई? लेक-सून कारखान्यावर. आमी दोघं आज हाय, उद्या न्हाई. माळावर घर, दाराला कडी धड न्हाई. तुमाला वाटतं मला हौस हाय?"

त्याला हौस नव्हती. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. बाई उठल्या, माठातलं पाणी त्याच्यापुढं ठेवलं. तो भिमाजी, ज्याच्या लेकानं कधीकाळी घरून बाटली आणली होती, एका दमात प्यायला. "दुपारभर इथं राहू दे तिला," बाई म्हणाल्या. "आणि ऊसतोड कामगारांच्या मुलींचं सरकारी वसतिगृह असतं. फॉर्म मी भरते. सही तेवढी तुमची."

"आज लई सह्या केल्या मी," भिमाजी म्हणाला. पण केली.

आष्टीवाल्यांनी बडबड केली आणि दुसरीकडं सोयरीक जमवली. भिमाजी चार महिने वाचनालयाची पायरी चढला नाही, पेपर सलूनमध्ये वाचायचा. मग हळूच यायला लागला. सुकन्या वसतिगृहात राहून बारावी झाली, आता नगरला नर्सिंगला आहे.

यंदाच्या नागपंचमीला ती गावी आली होती. झोका सोडून आधी वाचनालयात. "बाई, आज अठरा पूर्ण. तिसरा भाग द्या."

तीन दिवसांत परत आणला. टेबलावर ठेवून म्हणाली, "बाई, तुमी बरोबर हुतात. शेवट खोटाय. ती थँक्यू कशाला म्हनल?" बाईंनी ड्रॉवरमधून पेन्सिल काढून तिच्या हातात दिली. बावीस वर्षांत ती पेन्सिल त्यांनी आपणहून कुणाला दिली नव्हती. पोरीनं पुठ्ठ्याच्या आत, बाईंनी अठरा लिहिलंय त्याच्या खाली लिहिलं, "तिला विचारायला पाहिजे होतं." आणि गाडीची वेळ झाली म्हणून पळाली.

खोलीत आम्ही दोघंच राहिलो. मला काय झालं कुणास ठाऊक, म्हणालो, "बाई, एक सांगायचं राहिलंय." आणि पेपरांची चळत सारखी करत बसलो.

शहाण्णव सालाच्या आधीही मी त्यांना एकदा बघितलं होतं. दोन-अडीच वर्षं आधी. आमच्या फाट्यावरून वीस-बावीस माणसांचं वऱ्हाड नगरकडं जायला चढलं. एक मामा तिकिटं काढत होता. अठरा फुल, चार हाफ. चार हाफमधली एक खिडकीशी बसलेली, किडकिडीत, हात हळदीनं पिवळे, मनगटात नव्या बांगड्या. मी विचारलं, ही बाराच्या आत? मामा म्हणाला, बारावं चालू हाय. मी अर्धं तिकीट फाडून पंच मारला. नवरीचं अर्धं तिकीट.

हे सगळं मला बोलायचं होतं. बाईंनी पेन्सिल ड्रॉवरमध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "माहीत आहे, तात्या. तुम्ही माझ्याकडं दोनदा बघितलं होतं. मला वाटलं होतं, आता हे मला विचारतील."

मी विचारलं नव्हतं. गाडीला उशीर झाला होता.